सायलीच्या जीपचा पुढचा लॉक

मी, संपत हौशीराम कोरेकर, वय अडुसष्ट, धंदा शेती व गॅरेज, राहणार न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, माझ्या गॅरेजातल्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी दम दिलेला नाही आणि कोणी पाजलेलीही नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितले की डोके शाबूत आहे, फक्त छातीतला पंप जुना झाला. पंपाचे मलाही कळते, त्यामुळे उशीर करत नाही. वकिलांनी दिलेल्या मसुद्यात ओळीओळीला 'सदरहू' होते, तो मी बाजूला ठेवला. खाली लिहिलेले सर्व माझ्या कष्टाचे आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझी पत्नी झुंबरबाई हिला तहहयात. तिला वरच्या खोलीत ढकलायचे नाही, तिचे गुडघे दुखतात. तिच्यामागे घर दोन्ही मुलांचे, समान.

कलम २. ऊस आणि कांद्याची जमीन मुलगी सायली व मुलगा पृथ्वीराज यांना निम्मी निम्मी. आमचे मेहुणे हौसराव दिवाळीला फराळाबरोबर हक्कसोड पत्राचा कागदही घेऊन आले होते. म्हणाले, "दाजी, पोरगी दिल्या घरी सुखात हाय. सही घ्या, चोळीबांगडी करा आन् मोकळं व्हा." मी म्हणालो, "हौसराव, तुम्ही तुमच्या बहिणीची सही घेतली तवा ती महिनाभर जेवली न्हाई. ती बहीण माझी बायको हाय." त्या कागदावर मी ग्रीसचा डबा ठेवला, तो अजून तिथेच आहे. माझ्यामागे सायलीकडे कोणीही असा कागद न्यायचा नाही.

कलम ३. गॅरेज, वेल्डिंग मशीन आणि मागे भंगारात पडलेला ट्रॅक्टर पृथ्वीराजला. त्याचा हात चांगला आहे. तोंडाचे नंतर बोलतो.

कलम ४. पान्यांचा मोठा संच माझा दोस्त रोहिदास याला. त्याचे दौंडला लेथ आहे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्याच्याकडेच. हौसरावांना जुना नायलॉनचा दोर. त्यांची गाडी दर पावसाळ्यात रुतते, आणि आमची लोखंडी साखळी त्यांनी नेली ती परत आणली नाही. दोर तरी आपला म्हणून सांभाळतील.

कलम ५. माझी जुनी फोर-व्हील जीप, स्टेपनी, जॅक व सामानाच्या पत्र्याच्या पेटीसह, सायलीला. एकटीला. सायलीने जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका केली आहे. सासर इनामगावचे, पण हाका सगळीकडून येतात, नदीकाठच्या मळ्यातून, उसाच्या फडातून. अडलेली गाय डांबरी रस्ता बघून अडत नाही. तिला ही गाडी मिरवायला नको, कामाला हवी.

आता पुढच्या लॉकचे. कोर्टात कोणाला कळले नाही असे नको, म्हणून समजावून लिहितो. चारही चाकांना जोर असला तरी डाव्या-उजव्या चाकांत तो वाटून देणारी डिफरन्शियल ही वस्तू मूळची आळशाच्या बाजूची. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की सगळा जोर त्या फुकट फिरणाऱ्यालाच जातो, आणि ज्याची जमिनीवर पकड आहे ते जागेवर बसते. आमच्या सोसायटीतही तेच चालते. लॉक लावला की दोन्ही चाकांना बरोबरीने फिरावे लागते. मागच्या चाकांना मी तो केव्हाच बसवला. पण ओढ्याची दरड आधी पुढची चाके चढतात, म्हणून पुढेही हवा. अडचण अशी की पुढची चाके वळतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते. तेव्हा लॉक सुटला नाही तर स्टिअरिंग ऐकत नाही, गाडी नाकासमोर जाते.

पृथ्वीराजने गेल्या वर्षी भाद्रपदात नेमके हेच केले. चिखलातल्या गाड्यांच्या स्पर्धेचे वेड डोक्यात, म्हणून आपोआप लागणारा लॉक आणून, मला न विचारता, पुढे बसवला. सायलीलाही सांगितले नाही. दुसऱ्याच दिवशी वडगाव रासाईहून साळूबाईंचा फोन आला, गाय अडली होती. सायली जीप घेऊन गेली, पाणंदीच्या चिखलातून आरामात निघाली, आणि डांबरीवर येऊन वळण घेतले तर गाडी वळेचना. चाक रस्त्याकडेच्या चारीत गेले, स्टिअरिंगने उलटा हिसका दिला आणि तिच्या उजव्या अंगठ्याचे हाड मोडले. तशीच चालत गेली. डाव्या हाताने वासरू ओढून काढले. वासरू जगले, अंगठ्याची पकड काही परत आली नाही.

आणि आमचे चिरंजीव चौकात काय म्हणाले? "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." हे माझ्या मनातून गेलेले नाही, म्हणून इथे लिहिले. तो लॉक मी उतरवून खोक्यात भरला. खोके पृथ्वीराजला.

कलम ६. लॉक कोणता घ्यायचा यावर रोहिदास आणि मी पुष्कळ भांडलो. आपोआप लागणारा स्वस्त, बसवायला सोपा, पण कधी लागायचे ते त्याच्या मनावर. विजेवरचा रोहिदासच्या आवडीचा. मला आमच्या काळ्या चिखलात वायरींचा भरवसा नाही. "मग हवेच्या नळीला काय चिखल लागत न्हाई व्हय?" असे तो म्हणाला. लागतो, पण फुटलेली नळी सायलीला दिसेल आणि जोडता येईल, म्हणून हवेच्या दाबावरचा ठरवला. छोटा कॉम्प्रेसर असतो. बटण दाबले की लागतो, सोडले की सुटतो. कुलूप जरूर असावे, पण किल्ली चालवणाऱ्याकडे. लॉक मागवला आहे. बटण डॅशबोर्डवर बसवावे, लॉक लागल्याचा लाल दिवा स्टिअरिंगसमोर. काम रोहिदासने करावे. पृथ्वीराजने त्याला हात लावायचा नाही.

इथवरचे काल संध्याकाळी दोन्ही मुलांना बसवून वाचून दाखवले. जमिनीच्या कलमाला पृथ्वीराज "बरं" म्हणाला. जीपचे आले तसा उठला.

"आबा, जमीन निम्मी दिली, मी बोललो का काय? पण गाडी? ती मी लहानपणापासनं हाताळलीय!"

सायली म्हणाली, "मीबी माझा अंगठा लहानपणापासनं हाताळला होता."

तो निघून गेला. झुंबरबाई मला म्हणाली, "तुम्ही कागद लिवा. माझं पोरगं उपाशी गेलं." दोन्ही पोरे माझीच आहेत. ती एकमेकांच्या दारात जायची बंद झाली तर जमिनीचे निम्मे काय चाटायचे आहे? हाच घोर मला पंपापेक्षा जास्त आहे.

आज सकाळी साक्षीदार येऊन बसले, सही करणार तोच पृथ्वीराज आला. हातात भंगारातल्या ट्रॅक्टरचा डिफरन्शियल लॉकचा पायडल, घासून लख्ख केलेला. आमच्याकडची सगळी पोरे तो टाचेने दाबतच ट्रॅक्टर शिकली, सायलीही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॅशबोर्डवर बटण नगं. ताईचा उजवा हात धरत न्हाई. बटणासाठी डावा सोडला तर स्टिअरिंग धरायचं कशानं? ह्याच्याखाली बटण देतो, क्लचच्या डाव्या अंगाला. टाच दाबली की लागंल, उचलली की सुटंल. दोन्ही हात चाकावर राहत्याल. जागा मापून आलोय."

इतके दिवस मी आणि रोहिदास भांडलो, पण चालवणारीचा हात कुठे असेल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आले नव्हते.

सायली रात्री मुक्कामालाच होती, तिने पायडल जमिनीवर ठेवून त्यावर टाच टेकवली. दोनदा दाबून पाहिली. "थोडं वर घे. चप्पल अडकती."

"किती वर?"

"एवढं."

त्याने खडूने खूण केली. चुकलो असे तो म्हणाला नाही आणि तिने विचारलेही नाही. त्यांच्या आईने दोघांना भाकरी वाढली. मला भरून आले. असले मृत्युपत्रात लिहीत नाहीत, पण कागद माझा आहे.

दुरुस्ती. कलम ६ मधील 'डॅशबोर्डवर' हा शब्द खोडला आहे, तेथे 'डाव्या टाचेखाली' असे वाचावे. त्याच कलमातील 'काम रोहिदासने करावे' हे आणि त्यापुढचे अशी दोन वाक्ये खोडली आहेत, तेथे 'काम पृथ्वीराजने करावे' असे वाचावे. खोडाखोड मी स्वतः, शुद्धीवर असताना केली असून प्रत्येक ठिकाणी सही केली आहे.

संपत हौशीराम कोरेकर (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. म्हस्कू, दूध संकलन, न्हावरे (सही)
२. साळूबाई, वडगाव रासाई (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: न्हावरे, ता. शिरूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५