हे घर दासोहाचे

सात वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी लिंगपूजा आटोपून मी माझ्या दारावर पाटी लावली : ‘जेवणाऱ्यांनी निराधार योजनेचा कागद दाखवावा.’ माझ्या हातून झालेली ती सर्वांत मोठी चूक. या मृत्युपत्राचे मूळ तिथे आहे, म्हणून आधी तीच लिहितो.

मी वीरण्णा बसलिंगप्पा हालकुडे, वय ४९, लातूरच्या एका दालमिलमध्ये मिस्त्री, राहणार शिरूर अनंतपाळ. बुद्धी शाबूत, प्रकृती ठीक, कोणाचा दाब नाही. माझ्यामागे दासोहाची चूल विझू नये, एवढीच काळजी आहे.

आमच्याकडे रोज दुपारी दासोह असतो. येईल तो जेवतो. गर्दी वाढली तेव्हा खरे गरजू कळावेत म्हणून मी ती पाटी लावली. रोज जेवायला येणाऱ्या साखराबाईंची निराधार पेन्शन तेव्हा वर्षभर अडकली होती. कष्टाने बोटे झिजलेली, यंत्रावर ठसा उमटेना. पाटी दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्या म्हणाल्या, “कचेरीत कागद, तुझ्या दारातबी कागदच. मग देवाच्या घरी जावं तरी कुठं?”

तीन दिवस त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी ताट घेऊन गेलो. त्यांनी ते परत सरकवले. “फुकटचं नगं. काम दे.”

आधी कायक म्हणजे कष्ट, मग दासोह, हे मी लहानपणापासून म्हणत आलो. कळले त्या दिवशी. पाटी काढली. तेव्हापासून जेवणारा प्रत्येक जण हाताला येईल ते काम करतो. लक्ष्मम्मांना दिसत नाही, त्या लसूण सोलतात. नाव कोणी विचारत नाही. साखराबाईंची पेन्शन पुढे सुरू झाली. सरकारने द्यावे ते दिलेच पाहिजे. पण त्या अजून येतात, वाढायला.

कलम १. माझे स्वकष्टाचे घर व अंगण दासोहाच्या न्यासाला. पत्नी उज्वला हयातभर मागच्या दोन खोल्यांत राहील. आमटीच्या तिखटाबाबत तिचा शब्द अखेरचा.

कलम २. बँकेतली ठेव नांदेडला शिकणारी मुलगी वर्षाराणी हिला.

कलम ३. अंमलबजावणी चांदपाशाभाई करतील. वीस वर्षे भांड्यांना कल्हई करतात, पैसे घेत नाहीत. “सगळं पुण्य तूच नेणार व्हय रे?” म्हणतात.

कलम ४. ज्या पुढाऱ्यांनी जेवणाऱ्यांचे फोटो काढायचा हट्ट धरला, त्यांनी दिलेले पातेले त्यांना परत करावे. ते चेपलेलेच आले होते.

कलम ५. टेम्पो मुलगा शिवकुमार यास. (खोडले. वी. ब. हा.)

खोडले ते असे. घर देण्यावरून शिवकुमार आणि मी चार वर्षे भांडत होतो. “अण्णा, पोसायला सरकार हाय की. घर कशाला देता? मी कोर्टात जाईन.” आज तो मुद्दाम आला. साखराबाईंनी त्याच्यापुढे लसणाची टोपली ठेवली. “सायब, नुसतं बसून राहिलात. सोला, मग ताट.” त्याने सोलला, पंगतीत जेवला. नंतर वकिलांनी सांगितले की, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. शिवकुमारने कलम ५ पुन्हा वाचले. मग म्हणाला, “टेम्पोबी दासोहालाच लिहा, अण्णा. साक्षीदार म्हणून सही मी करतो.”

तसे लिहिले. घर दिले.

ठिकाण : शिरूर अनंतपाळ. दिनांक : १३ जुलै २०२५.

लिहून देणार : वीरण्णा बसलिंगप्पा हालकुडे

साक्षीदार :
१. शिवकुमार वीरण्णा हालकुडे
२. साखराबाई श्रीमंत सूर्यवंशी, डाव्या अंगठ्याचा ठसा. “उठला का रे?” असे त्यांनी विचारले. शिवकुमारने कागद उजेडात धरून पाहिला. स्वच्छ उठला आहे.