हिला न सांगितलेले तीन डाग

३ मार्च
पॅन्ट कमरेत पुन्हा अर्धा इंच आत घेतली. सहा महिन्यांत पाचवी वेळ. चहातली साखर सोडल्याचा परिणाम. कपडे अंगाला बरोब्बर बसतात, त्यामुळे हिच्या काही लक्षातही येत नाही. शेवटी शिंपी कोण आहे!

९ मार्च
सर्जन म्हणाले, साखरेचा काही संबंध नाही. आतड्याचा कॅन्सर. यकृतापर्यंत पसरलाय, तिथे तीन डाग. दोन्हीकडचं एकदमच कापून काढू. वर म्हणाले, इतके वाळलात, घरात कुणाला दिसलं कसं नाही? माझ्या शिलाईचं हे कौतुकच म्हणायचं. ही बाहेर बसली होती. तिला म्हटलं, साधी गाठ आहे. यकृताचं ऑपरेशननंतर सांगेन. उगाच घाबरेल बिचारी.

१० मार्च, सकाळ
संकल्प. रोज चालणे. बँडवाल्यांचे बारा कोट आधी पुरे करणे. अजिबात न घाबरणे.

१० मार्च, संध्याकाळ
चाललो नाही. ऊन होतं. एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. कापडच धड नाही.

१६ मार्च
हिला आज सगळं सांगणारच होतो. पण ती कोटांच्या बटणांची काजं करत होती. काजं करणाऱ्या माणसाला डिस्टर्ब करू नये.

२७ मार्च
अ‍ॅडमिट झालो. फॉर्मवर बायकोचीही सही लागते, हे मला आधी कुणी सांगायला नको? एरवी ही औषधाच्या बाटलीवरचंही वाचत नाही. आज ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं. ‘यकृत’वर बोट थांबलं. मग जी सुरू झाली, ती अख्ख्या वॉर्डने ऐकली. म्हटलं, अगं, डाग आहेत, निघतील. त्यावर तर जास्तच भडकली. नर्सने दोघांनाही पाणी दिलं. शेवटी रडत रडत सही केली आणि बजावलं, यापुढे डॉक्टरांना आधी मी भेटणार.

३० मार्च
परवा ऑपरेशन झालं. सात तास. आत जाताना बिलकूल घाबरलो नाही. हिनेच माझा हात घट्ट धरून ठेवला होता. नर्स म्हणते, हात सोडत नव्हतो तो मीच. तिला काय माहीत! पोटावरचे टाके बघायची फार उत्सुकता होती. बघतो तर पिना! फायलीला मारतात तशा. असं काम मी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असतं, तर दुकान कधीच बंद पडलं असतं.

२ एप्रिल
आजपासून दुकानात बसायचा बेत होता. खाटेपासून दारापर्यंत पोचलो. ही मागून ओरडत होती, पाय उचला, फरशी पुसायला आणलं नाही तुम्हाला. बरं वाटलं.

२४ एप्रिल
रिपोर्टचा दिवस. सगळं साफ निघणार, मला खात्रीच होती. ठरल्याप्रमाणे ही एकटी आत गेली. पंचवीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, सगळं छान आहे, चला घरी.

रिपोर्ट मागायला हात पुढे केला आणि तिची पिशवीच घेतली. भीती वाटली. फार. येताना मुद्दाम उलट्या बसमध्ये चढलो. चार स्टॉप भलतीकडे गेलो. मग म्हटलं, अगं, माझंच चुकलं, आणि ओरडा खायला तयार बसलो.

ही एका शब्दाने भांडली नाही.