इस्त्रीच्या प्लगवरचा दिवा

व्याहीबुवा, तुम्हाला आणि विहीणबाईंना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? माझा होता तसाच आहे, त्याच्यावर शाई घालवत नाही.

तुमचं पत्र पोचलं. लेकीने वायरिंगचं दुकान काढू नये, लोकांच्या घरी शिडीवर चढू नये, आणि सासरा म्हणून मी तिला थांबवावं, असं तुम्ही लिहिलंत. वाचलं तेव्हा पटलं होतं. सांगणारही होतो. पण मध्ये आमचा शिवणाच्या मशीनवरचा दिवा आला.

त्याचं असं झालं. हिला (म्हणजे तुमच्या विहीणबाईंना) हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, आणि चष्मा बदल म्हटलं की म्हणते, उजेडच कमी आहे. मशीनशेजारी इस्त्रीचा प्लग आहे. म्हटलं, त्यातूनच वायर काढून वर दिवा लावू, त्याला काय एवढं. दिवा तो, खाऊन खाऊन खाणार किती? घंटीची उरलेली बारीक वायर होती ती जोडली, दिवा लागला, ही खूश. संध्याकाळी सूनबाई कामावरून आली, वर बघितलं, मेन बंद केला आणि माझी वायर उपटून माझ्याच हातात दिली. (चहासुद्धा घेतला नव्हता.) मी आवाज चढवला. तिने नाही चढवला.

“बाबा, दिवा किती खातो ते बघू नका. मीटरजवळचा आपोआप पडणारा खटका इस्त्रीच्या मापाचा आहे. ही वायर जळायला लागली तरी तो समजेल, इस्त्री चालू आहे, आणि पडणार नाही.”

हे मात्र डोक्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी जाऊन इस्त्रीच्या प्लगला आहे तेवढीच जाड वायर आणली. तर ती दिव्याच्या होल्डरात जाईना. आता माणसाने काय करावं? टोकाकडच्या निम्म्या तारा पकडीने कापल्या आणि उरलेल्या बसवल्या. कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण कापलेले तुकडे हिच्या टाचण्यांच्या डबीत पडले, आणि ही बाई माझ्या बाजूने कधी साक्ष देत नाही. सूनबाई हसली नाही, हा तिचा मोठेपणा. एवढंच म्हणाली, “ही बारीकच वायर झाली बाबा, फक्त जाड कोट घातलेली.”

मग तिने प्लगशेजारी एक छोटी डबी बसवली, आत लहानसा फ्यूज, आणि तिथून दिव्यापर्यंत बेताची वायर. (घंटीची नव्हे, दिव्याचीच.) पुढे काही बिघडलं की आधी तो फ्यूज जाणार, वायर शाबूत. म्हणजे घरात सगळ्यांत आधी भडकणारं कोणीतरी दारातच बसवायचं. (ही म्हणाली, तुमच्यासारखं.) मला उगाच केलेला फापटपसारा खपत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण सूनबाईच्या कामात एक स्क्रू जास्त नाही आणि एक कमी नाही. उतरल्यावर भिंतीची पडलेली भुकटीसुद्धा तिनेच पुसली. आता ही पहिल्या झटक्यात दोरा ओवते आणि मला दाखवते.

तेव्हा तिला शिडीवरून उतरवणं माझ्याच्याने व्हायचं नाही. एक तर ती ऐकायची नाही. आणि दुसरं म्हणजे, हल्ली खालून शिडी मीच धरलेली असते.

तुमचा,
व्याही

ता. क. दुकानाची पाटी रंगवून झाली आहे. ती लावताना शिडी तुम्ही धरावी असं तिच्या मनात आहे. तोंडाने बोलणार नाही, तुमच्यावर गेली आहे. तिने हिला सांगितलं, हिने मला सांगितलं. या.

आणखी एक. दुकानाचं दार उंच आहे, आमची शिडी पुरत नाही. तुमची ती मोठी येताना घेऊन या. परत मिळेल असं धरून चालू नका.