दोन्ही घरं माझीच

चिरंजीव सायलस,

पाद्री झालास म्हणून सख्ख्या मामाला बजावतोस, "अग्नीभोवती नाचणं सोड, नाहीतर चर्चमधून नाव काढतो"?

तुझी आजी शनिवारी पायांना खडे भरलेली कासवाची कवचं बांधून आपल्या चेरोकी जमातीच्या पवित्र अग्नीभोवती नाचायची. रविवारी त्याच सुजल्या पायांनी चर्चला यायची. जुने पाद्री एकदा म्हणाले, "बाई, दोन घरचा पाहुणा उपाशी!"

ती हसली. "पाहुणी कोण? दोन्ही घरं माझीच!" आणि तिनं चेरोकी भाषेत येशूचं गाणं उचललं.

शाळेत पाठ केलेल्या साऱ्या कविता एकीकडे, तिचं ते उत्तर एकीकडे.

शनिवारी मी नाचणार, रविवारी पहिल्या बाकावर बसणार. नाव खोडायचं तर माझ्यादेखत खोड.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तोंडावर सांगायला मी अजून जिवंत आहे.

तुझा मामा,
एझ्रा किंगफिशर