कमी चाललेली गाडी

९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बेकरीतली नवी भट्टी चांगली चालते आहे हे वाचून आनंद झाला. आमच्या मेहुण्यांना पहाटे अंथरुणातून उठवणारी एखादी भट्टी निघाली, तर तीही घेऊन टाक.

इकडची बातमी अशी, की विमा कंपनीने मला एकदाचं घरी बसवलं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, की अपघाताच्या गाड्या पारखणारा असा सर्व्हेअर पुन्हा होणे नाही. साहेबांनी ते कागदावरून वाचलं, पण खरं तेच वाचलं. जन्मभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या पाहिल्या. म्हणून तर स्वतःच्या गाडीला ओरखडा उठू दिला नाही.

आता तीच गाडी विकायची ठरवली आहे. एवढी लांबलचक सेडान दोघांना काय करायची? तिची उत्तम किंमत घ्यायची, एक छोटी गाडी घ्यायची आणि तुझ्या वहिनीला घेऊन घाटरस्त्याने तुझ्याकडे यायचं. तू कधीतरी पत्रात लिहिलं होतंस ना, की घाटातल्या शेवटच्या वळणावर समुद्र एकदम समोर उभा राहतो? तेव्हापासून तिने त्या वळणाचा धोशा लावला आहे. आगगाडी तिथे बोगद्यातून जाते आणि बसमध्ये हिला मळमळतं. आहे त्या गाडीने कधीच आलो असतो, पण मग मीटर वाढला असता. जुन्या गाडीची किंमत मीटरवर ठरते, हे मी नाही ओळखायचं तर कोणी?

इंजिन घड्याळासारखं आहे. आजवर एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. मेहुण्यांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

२६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी गाडी रस्त्यात कधी बंद पडली नाही म्हणतोस. अरे, रस्त्यात पडायला आधी रस्त्यावर यावं लागतं! दर रविवारी गॅरेजातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून गॅरेजपर्यंत, एवढाच तिचा प्रवास. त्यातसुद्धा तू हॉर्न वाजवतोस, असं वहिनी सांगते. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे का रे? लहानपणी माझी लेक त्याला घामाने चिकटली होती आणि तू आधी प्लॅस्टिक फाटलं का ते पाहिलं होतंस.

थट्टा पुरे. दादा, विकायच्या आधी वहिनीला एकदा त्याच गाडीतून घेऊन ये. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसायचो, तेव्हापासून मी तिला ओळखते. स्वतःसाठी काही मागायला तिची जीभ रेटत नाही. ती दहा वर्षं एक वळण मागते आहे. माझ्या खोलीच्या खिडकीतूनही खाडी दिसते, पण वहिनीला ते वळणच हवं आहे, आणि मला ती हवी आहे.

पिठाच्या हाताने लिहिलं आहे, डाग दिसले तर गोड मानून घे. रागावलास तरी विसरू नकोस.

तुझी,
धाकटी

१८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं. गाडी बघायला माणसं येऊन गेली. पहिले एक दाताचे डॉक्टर. ते गाडीखाली आडवे झाले, बॅटरी लावून सगळं पाहिलं आणि उठून म्हणाले, की हल्ली लोकांना उंच गाड्या हव्या असतात, ही जमिनीला फारच टेकलेली आहे. मग एक नवराबायको आले. त्यांनी टेपने गाडी मोजली आणि त्यांच्या पार्किंगमधून डिकी बाहेर राहील म्हणून निघून गेले. बायकोला रंग मात्र आवडला होता.

तिसरा आला तो जुन्या गाड्यांचा दलाल. त्याने मीटर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. म्हणाला, काका, इतक्या वर्षांत गाडी एवढीच चालली? मीटर मागे फिरवायचा तर बेतानं तरी फिरवायचा! धाकटे, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मीटर फिरवणाऱ्या किती जणांना मी नोकरीत पकडलं, आणि हा मला हसतो! त्याने सांगितलेला आकडा ऐकून तर तुझ्या वहिनीने त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलून आत नेला.

आता मी हट्टाला पेटलो आहे. मीटर खरा आहे हे मानणारा आणि त्याची किंमत देणारा माणूस भेटेपर्यंत गाडी विकणार नाही, आणि तोवर तिला एक किलोमीटरही जास्त चालवणार नाही. तुझं म्हणणं समजलं. पण आता गाडी घाटात नेली, तर माझ्याच हाताने माझी बाजू लंगडी केल्यासारखं होईल. वहिनी बरं म्हणाली. तिला घाई नाही.

दादाला मूर्ख म्हणायचं असेल तर पुढच्या पत्रात म्हण, पण पत्र पाठव.

तुझा,
दादा

७ एप्रिल

प्रिय वन्सं,
(असं लिहिलं की तू चिडतेस, म्हणूनच लिहिलं.)
स. न. वि. वि.

ओळी वाकड्या गेल्या असतील तर समजून घे. शब्दावर शब्द चढला असेल तर अंदाजाने वाच. मी अक्षरं मोठी काढते आहे, तरी कागदाच्या कडा सापडत नाहीत.

तुला म्हणून सांगते. मला काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली टिकवायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. परवा दाराची चौकट लागून कपाळाला टेंगूळ आलं. तुझ्या दादाला सांगितलं, कपाटाचं दार लागलं. त्याने लगेच कपाटाची बिजागरी तपासली. बिजागरी ठीक आहे म्हणाला.

थेंब घालते ते डोळे कोरडे पडतात म्हणून, असं त्याला सांगितलं आहे. खरं सांगितलं, तर तो उद्या सकाळी फाटकात जो उभा असेल त्याला गाडी देऊन टाकेल. आणि मग जन्मभर त्या दलालाचं हसणं त्याच्या कानात राहील, तेही माझ्यामुळे. त्याचं खरं आहे, हे कोणीतरी त्याला म्हणू दे. एवढं मिळालं की तो मला आनंदाने घेऊन येईल, आणि मला तो आनंदात असताना यायचं आहे. हे सगळं सावकाश होतं, असं बाई म्हणाल्या. तेवढा वेळ आहे.

तू त्याला काही कळवायचं नाहीस. तुला माझी शपथ आहे. तुझ्या पत्रांवर माझा जीव आहे. यापुढे ठळक शाईने लिहीत जा.

तुझी,
वहिनी

१२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. वहिनीला घेऊन ये. या रविवारी निघ. मीटरचं काय व्हायचं ते होऊ दे. का, ते विचारू नकोस. मला ते सांगता येणार नाही. तू इतकी वर्षं लोकांच्या गाड्या बारकाईने पाहिल्यास, आता जरा घरात पाहा. ती चालताना भिंतीला हात का लावते? जिना उतरताना का थांबते? एवढं पाहिलंस तरी पुरे.

मी वरची खोली लावून ठेवली आहे. वाट पाहते. तू आला नाहीस, तर आजवर राखून ठेवलेला राग एकदम काढीन.

तुझी,
धाकटी

३ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात घेऊनच उठलो. वहिनीला समोर बसवून विचारलं. ती इतकी हसली, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाली, धाकटीला करमत नाही, म्हणून तिचे हे उद्योग. भिंतीला हात लावते तो गुडघ्यामुळे, म्हणाली. हल्ली चहा ओतताना सांडते खरी, पण तिचं लक्ष कुठेतरी असतं. वय झालं की व्हायचंच. तू उगाच घाबरवतेस.

आता खुशखबर ऐक. गिऱ्हाईक भेटलं! हॉटेलचे एक मॅनेजर आहेत, सभ्य माणूस. त्यांनी सर्व्हिसिंगची सगळी बिलं पाहिली आणि स्वतःहून म्हणाले, की मीटर खरा आहे. धाकटे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागितली ती किंमत कबूल केली. कामासाठी परगावी जाताहेत, परतले की गाडी नेतील. जाताना मीटरचा फोटो काढून घेतला, याच्या पुढे आकडा जाता कामा नये म्हणाले. मी किल्ली कपाटात टाकली आहे. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मग तुझं वळण आणि आम्ही.

वहिनीला हे सांगितलं, तर तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. एवढी खूश होईल असं वाटलं नव्हतं. रागावलेली असलीस तरी कुशल कळव.

तुझा,
दादा

२१ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

आम्ही सुखरूप घरी पोचलो. तुझ्याकडे होतो तेव्हा बोलायचं फार मनात होतं, पण ती सतत जवळ असायची, आणि तिचे कान तुला माहीत आहेत. एक्स्चेंजमध्ये नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायची. म्हणून लिहितो.

मॅनेजर आलेच नाहीत. ऑक्टोबरात फोन केला, तर उंच गाडी घेतली म्हणाले. फोन ठेवतो तोच ही जिन्यावरून पडली. खरचटण्यावर भागलं, पण तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून सगळं सांगितलं. एप्रिलपासून नजर फार वेगाने गेली. एवढी घसरेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. आता उजेड-अंधार कळतो आणि अगदी समोरचं थोडं काही. तू आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारणार नाही. तू सांगितलंच होतंस, मी वाचलं नाही. मोडलेली प्रत्येक वस्तू ओळखणारा माणूस मी, आणि हिच्या कपाळावरचं टेंगूळ पाहून बिजागरी तपासत बसलो. फार चुकलं गं.

दुसऱ्याच दिवशी निघालो. तुला सांगितलं, की घाटात इंजिन तापलं. रबरी नळी फुटली होती. मेकॅनिक नंतर म्हणाला, गाडी नुसती उभी ठेवली की रबर मरतं, काका, चालवली असती तर टिकली असती. हे सगळं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते आता लिहितो.

गाडी बंद पडली ती नेमकी त्या वळणावर. मी बॉनेट उघडलं, वाफ अंगावर आली. तिने आतून विचारलं, ते वळण आलं का? मी वाफेतच डोकं घालून म्हणालो, आलं, हा बघ समुद्र, काच खाली कर. डोकं वर काढून पाहिलं, तर तिने तिच्या बाजूची काच खाली केली होती आणि बाहेर तोंड काढून बसली होती. तिच्या बाजूला कातळ होता. हात लांबवला असता तर लागला असता, इतका जवळ. समुद्र दुसऱ्या बाजूला, माझ्या पाठीशी होता.

ती म्हणाली, दिसला. केवढा निळा आहे रे! मग म्हणाली, तू आणलंस.

मला दार उघडून तिला या बाजूला आणता आलं असतं. पण मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली होती. ते तिच्याकडून काढून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूला उभं करून तरी काय दाखवायचं? मी म्हणालो, हो, निळाच आहे. आणि नळी बघत राहिलो. ती आणखी बराच वेळ त्या कातळाकडे पाहत हसत होती.

परवा तो दलाल गाडी घेऊन गेला. त्याने पहिल्यापेक्षाही कमी आकडा सांगितला, मी हो म्हटलं. मीटर पाहून या वेळी तो हसला नाही. हसला असता तरी चाललं असतं.

हे पत्र मी तिच्यासमोर बसूनच लिहितो आहे. पूर्वी माझ्या खांद्यावरून वाचायची आणि चुका काढायची. आत्ता विचारते आहे, की एवढं काय लिहितोस. मी सांगितलं, समुद्राबद्दल लिहितो आहे. ती म्हणते आहे, निळा होता हे नक्की लिही.

तुझा,
दादा