उरल्या खमिराचा नाश्ता

ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही. मी फोन हातात घेतला की तुझे दादा भिंतीला कान लावून बसतात. म्हणून कागद काढला. ह्यांचा उभा जन्म भट्टीपुढे गेला, पीठ छातीत जाऊन बसलं, आणि आता कोरड्या पिठाजवळ फिरकायचंसुद्धा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, हे तुला ठाऊकच आहे. बेकरी बंद केली, गाळा सोडला. पण पाव फुगवणाऱ्या खमिराची ती बरणी तेवढी ह्यांनी काखोटीला मारून घरी आणली.

रोज सकाळी त्यातलं अर्धं खमीर काढायचं आणि राहिलेल्यात मूठभर पीठ आणि पाणी घालायचं, नाहीतर म्हणे ते मरतं. काढलेलं फेकून देतील तर ते तुझे दादा कसले! त्यात अंडी, लोणी, दूध, साखर, चिमूटभर सोडा घालून रोज नाश्त्याला वॉफल्स. चांगली होतात, नाही म्हणत नाही. वरून कुरकुरीत, आतून मऊ, जिभेला किंचित आंबट. पण पीठ घालताना ते उडायचं तेवढं उडतंच, आणि मग पहिलं वॉफल साच्यात फुलेपर्यंत हे ओटा धरून खोकत उभे. काल ओठ निळे पडले होते.

बरणी टाकून द्या म्हटलं की तोंड फिरवून बसतात. ह्यांना जगात एक तुझंच म्हणणं ऐकू येतं. चार ओळी खडसावून लिही. बाकी सगळं बरं. तुझी माया आहेच, ती थोडी ह्या कामी खर्च कर.

तुझी,
वहिनी


ता. १५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. दादाला खडसावायला बसले होते. दोन कागद फाडले. वहिनी, माझ्याच्याने होत नाही. बेकरी गेली, पहाटे पावासाठी दारात उभी राहणारी माणसं गेली. आता त्याच्याकडे तेवढी बरणी उरलीय. आमच्या घरात ती बरणी रिकामी मी कधीच पाहिली नाही. गिऱ्हाईक कितीही अडून बसलेलं असो, बाबा तळाशी मूठभर राखून ठेवायचे. ते खमीर म्हणजे उद्याचा पाव, त्याला हात लावायची आम्हा भावंडांची टाप नव्हती. आई म्हणायची, हे ह्यांचं थोरलं लेकरू, तुम्ही मागाहून आलेले.

मला एक सुचतंय. ओलं पीठ काही उडत नाही, सगळा दोष कोरड्याचा. तेव्हा बरणीत पीठ तुम्ही घाला, खिडक्या उघडून. तोवर दादाला आतल्या खोलीत कोंडा. ओट्यावर ओलं फडकं फिरवून झालं की त्याला सोडा आणि वॉफल्स त्याला करू द्या. तुमच्या हातचं जळकं ऑम्लेट खाण्यापेक्षा ते बरं, हे मी दादाच्या वतीने लिहितेय. रागावू नका.

बरणी कधी अगदीच नकोशी झाली तर माझ्याकडे पाठवा. मी त्याच्याकडे कितीदा मागितली, पण मी ती सांभाळीन असं त्याला वाटत नाही. तब्येतीचं लगेच कळवा. माझ्यावरचा लोभ ऑम्लेटपायी कमी करू नका.

तुमची,
ठमी


ता. ७ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती चालली बाई. हे दाराआडून हुकूम सोडतात, पाणी आधी घातलंस का, चमचा लाकडीच घेतलास ना. मी मुद्दाम उलटी उत्तरं देते. दार उघडलं की तुरुंगातून सुटल्यासारखे येतात. साच्याला लोणी लावतात, पळीभर पीठ ओततात, साचा मिटतात आणि कान देऊन थांबतात. वाफेचा आवाज थांबला की वॉफल झालं, घड्याळ बघायचं नाही म्हणे.

पण खोकला हटला नाही. जिना उतरणं बंद झालंय, साचासुद्धा खुर्चीत बसून उलटतात. हवेचं सिलिंडर घरी आणलंय. मंगळवारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी आधी दोघांना आणि मग ह्यांना एकट्यांना आत बोलावलं. हे बाहेर आले ते हसतच. काय म्हणाले विचारलं, तर तीच गोळी, तेच औषध आणि बायकोचं ऐका. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर मात्र मी जास्तच बोलून गेले. म्हटलं, ह्या बरणीची ताबेदारी करून मी विटले. उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर मी तुम्हाला बघू की हिला? नेहमी एकाला दोन ऐकवणारा माणूस, पण त्या दिवशी बरणी मांडीवर घेऊन फडक्याने पुसत बसले. आता वाईट वाटतंय.

तू जपून राहा, आणि आठवण आली की दोन ओळी टाकत जा.

तुझी,
वहिनी


ता. १४ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सुटले ग एकदाची! काल सकाळी मला उठवलंच नाही. जाग आली तर घरभर लोण्याचा वास आणि ओट्यावर वॉफल्सची ही चळत. म्हटलं, कुणाला जेवायला बोलावलंय? तर म्हणाले, आज अर्धं नाही, सगळंच घातलं. मी बरणीत डोकावले. लख्ख! स्वतः घासून, पुसून, पालथी घालून ठेवली होती.

शेजारच्या शिंपीणबाईंना दिली, खालच्या किल्लीवाल्यालाही पाठवली. ह्यांना स्वतःला अर्ध्याच्या वर गेलं नाही. मला मात्र समोर बसवून वाढत होते. साखर कमी पडली म्हणून मी नाक मुरडलं, तर वरून मध ओतला. आग्रह करकरून खाऊ घातलं. इतक्या वर्षांत ह्यांनी माझं ऐकलं ते हे पहिलंच. तूही आता निर्धास्त हो.

आता पत्रात नुसत्या गमती लिहू, तुझ्याही येऊ देत.

तुझी,
वहिनी


ता. २० मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. तुम्हाला सुटल्यासारखं झालं, पण मी ते बरणीपाशी थांबून पुन्हा वाचलं. दादाने तळाशी खरंच काही ठेवलं नाही? नीट बघा, एखाद्या वाटीत, फडक्याखाली. तो विसरणारा नाही. नुसती टाकायची असती तर त्याने मला दिली असती. उद्याचा पाव ज्याला करायचाय तो बरणी घासत नाही, वहिनी.

डॉक्टरांनी त्याला एकट्याला काय सांगितलं ते विचारा. आजच विचारा. मी फोन लावला तर त्यानेच उचलला आणि थट्टा करत राहिला, मधेमधे दम घेत. मी रजा टाकलीय, उद्याच्या गाडीने निघते. हे पत्र आधी पोचतं की मी, कोण जाणे. त्याला एकटं सोडू नका. माझं चुकत असेल तर पोटभर हसा मला.

तुमची,
ठमी


ता. ११ एप्रिल

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तू घरी परत पोचल्याचं पत्र मिळालं. पाकिटावर माझ्या नावाआधी तू सवयीने सौ. लिहून मग खोडलंस, ते दिसलं. असू दे. तू आलीस तेव्हा ह्यांच्यात तुला ठमे म्हणून हाक मारण्याइतका श्वास होता, हेच पुष्कळ.

काल सिलिंडर परत करायला दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना विचारलंच. त्या मंगळवारीच त्यांनी सांगितलं होतं, छातीत आता काही उरलेलं नाही, फार तर महिनाभर. बायकोला मीच सांगतो, असं हे त्यांना म्हणाले होते. मला सांगितलं नाही. वॉफल्स करून घातली.

आता कळतंय ग मला. बरणी मागे राहिली असती तर मला ती टाकवली नसती, आणि रोज सकाळी पीठ घालायला उभी राहिले असते तर रोज मेले असते. तू मागितलीस तरी मी तुला दिली नसती. ह्यांनी हे सगळं ओळखलं. माझं ते ताबेदारीचं बोलणं मनाला लावून घेतलं आणि माझी सुटका करून गेले. परवा शिंपीणबाई आल्या होत्या. बिचकत बिचकत म्हणाल्या, त्या खमिरातलं चमचाभर असेल तर द्याल का. नाही म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर दार लावून रडले.

मला नको होती ग ही सुटका. चमचाभर तरी ठेवायचं होतं. त्या सकाळी हे समोर बसून मी प्रत्येक घास कसा खाते ते बघत होते, आणि मी साखर कमी म्हणून कुरकुरत होते. शेवटचं एक वॉफल उरलं होतं. ते ह्यांनी पुढे केलं. तुला नको असेल तर राहू दे म्हणाले. मी म्हटलं, कशाला ठेवायचं, उद्या शिळं होईल. आणि खाऊन टाकलं.

आता तुझ्याखेरीज मला कुणी नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी