दोन पायऱ्या खाली

३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आशीर्वाद देते ते रीत म्हणून. मनातून दोन ठेवून द्याव्यात असं वाटतंय. सहा आठवडे तू फोन उचलत नाहीस. परवा चुकून उचललास, तर जीभ इतकी जड की एक वाक्य धड कळेना. भर दुपारी प्यायला लागलास का, असं मी सरळ विचारलं आणि तू फोन आपटलास. मग तुझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, सगळं ठीक आहे, उलट हाताची थरथर थांबलीय. पार्किन्सनचा हात आपोआप कसा थांबतो, असं विचारल्यावर तिनेही फोन ठेवला. चाळीस वर्षं मी पहिलीची पोरं सांभाळली आहेत, थापा मला वासावरून कळतात. दोघं काय लपवताय ते उलट टपाली कळव.

प्रकृतीला जप, आणि घरात बाटली असेल तर फोडून टाक.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी हे अक्षर बघ. माझं आहे. सहा वर्षांनी स्वतःच्या हाताने लिहितोय. प्यायलेला माणूस असं लिहितो का?

जानेवारीत माझ्या मेंदूचं ऑपरेशन झालं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. कवटीला दोन भोकं पाडून आत तारा सोडल्यात, छातीवर कातडीखाली बॅटरी बसवलीय. मी जागाच होतो. डॉक्टर हात वर धरायला लावून महिन्यांची नावं म्हणून घेत होते. ऑगस्टपाशी आलो आणि हात थांबला. तिथंच रडलो. आता दुकानात पुन्हा मीच कोट कापतो, खडूची रेघ सरळ येते. पण हात थांबेल इतका करंट ठेवला की जीभ जड होते. रिमोटवर दोन पायऱ्या खाली उतरलो तर बोलणं सुटतं आणि कात्री हलते. दोन्ही जमेल का, ते डॉक्टर अजून बघताहेत. तोवर मी हात निवडलाय.

तुला का सांगितलं नाही? बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा तू काय केलंस ते आठव. पाहुण्यांदेखत त्यांच्या गळ्यात फडकं बांधून चमच्याने भरवलंस. त्यानंतर ते कधी चारचौघांत जेवले नाहीत. मला तसली माया नको होती. आणि एवढं सगळं सोसून फोनवर तुझ्याकडून काय ऐकलं, तर मी दारुडा.

राग आहे, म्हणून नमस्कार एकदाच.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून संताप झाला, आधी तुझा, मग माझा. तू तिकडे डोक्याला भोकं पाडून घेत होतास आणि मी इकडे पडदे धूत होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसायचा हक्क माझाही होता. तो तू मला दिला नाहीस, हे मी इतक्यात विसरणार नाही.

बाबांचं म्हणशील तर खरं आहे. त्यांच्या कपड्यांवर सांडू नये म्हणून फडकं बांधलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरी गोष्ट अशी की मला पाहुण्यांची लाज वाटली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्यासाठी रिमोटला हात लावू नकोस. बोबडी पोरं समजून घेण्यात जन्म गेला, तुझंही कळेल. नाही कळलं तर पुन्हा विचारेन. एखाद्या रविवारी फोन कर.

लोभ उरला असेल तेवढा तरी ठेव.

ताई

२४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच. सकाळीच दोन पायऱ्या खाली उतरलोय. आज कापायला घेतलं नाही. कागद हिने धरून ठेवलाय.

रविवारी दहा वाजता असाच उतरून फोन करणार आहे. बाबांवरून मला तुला खूप बोलायचंय, आणि त्यातला एकही शब्द तुला पुन्हा विचारावा लागता कामा नये. तासभर लागेल. मध्ये बोलू नकोस.

तुझा धाकटा